दानेश्वरी गेटवरून हलली नाही

आमच्या गल्लीतल्या दानेश्वरीला भिडस्तपणा माहीतच नाही. रेशन दुकानात काटा डुलत असतानाच दुकानदारानं धान्य पिशवीत ओतायला घेतलं, की ही म्हणणार, "काटा थांबू दे की. मला कुटं गाडी धरायची हाय?" मागची माणसं हसतात, दुकानदार चिडतो, पण काटा थांबतो. नवरा ईरप्पा होटगीला रेल्वेत आहे, अगदी अबोल. घरातली इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय दोघंही चहा घेत नाहीत. दारू तर सोडाच, ईरप्पानं कधी तंबाखूलाही हात लावला नाही.

दानेश्वरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. मागावरून उतरलेल्या टॉवेलच्या कडा शिवायच्या. गेल्या वर्षी तिथं एक माग चालवणारा पिऊन आला आणि त्याच्या चुकीनं शेजारच्या कामगाराचा हात मागात गेला. तेव्हा शिलाईच्या बायकांना घेऊन ऑफिसात हीच गेली होती. "पिऊन आलेला मानूस आत सोडू नका, न्हायतर आमी आत येत न्हाय." मग फुंकायचं मशीन आलं. गेटवर वॉचमन मौलाली नळी धरतो, एकेकानं फुंकायचं. मशीन ओरडलं तर आत प्रवेश नाही, तीन दिवस काम बंद, आणि सुपरवायझर उदयसिंह त्या माणसाचा फोटो काढून कारखान्याच्या फोनवरच्या ग्रुपवर टाकणार. त्या ग्रुपवर लिहायची मुभा फक्त उदयसिंहला, बाकीच्यांनी नुसतं बघायचं.

काही बायका कुरकुरल्या, बायकांनी कशाला फुंकायचं म्हणून. दानेश्वरी त्यांना म्हणाली, "माग काय बाप्या-बाई बघून हात वडतो व्हय?" आणि पहिली जाऊन उभी राहिली.

एवढी धीट बाई, पण स्वतःच्या औषधाची तिला लाज. पाळी जायचं वय, अंगावरून खूप जायचं. बाळीवेशीतल्या वैद्यांनी अशोकारिष्ट दिलं होतं. घरात सासरे आणि मोठा मुलगा, त्यांच्या नजरेला पडायला नको म्हणून बाटली ठेवली माझ्याकडे, देवघराखालच्या कपाटात. दर दोन-चार दिवसांनी येऊन थोडं औषध एका छोट्या कोऱ्या बाटलीत ओतून न्यायची, वर जुन्या खणाचं फडकं गुंडाळायची. मी म्हणायची, "अगं, औषधच आहे ना?" तर म्हणायची, "असू दे अक्का. त्यावर लिवलंय कशाचं ते."

श्रावणातला सोमवार होता. दानेश्वरीचा उपास. रात्रीपासून अंगावरून जात होतं, उभं राहवत नव्हतं. वैद्यांनी सांगितलेलं, जेवणानंतर आणि तेवढंच पाणी घालून घ्यायचं. हिनं काय केलं, गेटजवळ उभ्या टेंपोच्या आड गेली, भिंतीकडे तोंड केलं, पदर पुढे ओढला आणि तसंच कोरं दोन घोट घेतलं. तशीच येऊन रांगेत उभी राहिली. मौलालीनं टेंपोआडचं सगळं पाहिलं होतं. नळी तोंडाशी धरली आणि मशीन ओरडलं, तसं त्यानं ते उदयसिंहला सांगितलं.

मी तेव्हा महादेवाला अभिषेक करत होते. फोन वाजला.

"अक्का, मोठी बाटली घेऊन ये. कागद चिकटवलेली."

"काय झालं गं?"

"मला बेवडी म्हनत्यात. फोटो टाकलाय. ये तू."

देवाला म्हटलं, थांब जरा, तुझंच काम आहे. बाटली पदराखाली घेतली आणि रिक्षानं गेले.

दानेश्वरी गेटच्या मधोमध मांडी घालून बसलेली. शेजारी शिलाईतली खातूनबी, मागे आणखी चार-पाच जणी. ईरप्पा माझ्याआधी पोचला होता. त्याचा पुतण्या त्याच कारखान्यात, त्यानं फोटो पाठवला. ईरप्पा मान खाली घालून म्हणत होता, "घरला चल. लोकं विसरत्यात चार दिसांनी."

"आन् चार दीस मी तोंड कुटं घालू? तुज्या रेल्वेच्या डब्यात?"

उदयसिंह वैतागला होता. "मावशी, उठा. नियम सगळ्यांना सारखा. तुम्हीच तर मशीन मागितलं होतं."

"व्हय, मागितलं. म्हनून म्हनते, परत फुंकू द्या. चूळ भरली, येळ झाला."

"एका दिवशी एकदाच."

"मग मी हितंच हाय. गाड्या वरनं घाला."

आत शिलाईची मशीनं बंद पडलेली, माल भरायला आलेली गाडी बाहेर उभी. मी पुढे झाले. चार पुरुष बघताहेत म्हणून बाटली पदराखालीच धरून तिच्या हातात द्यायला गेले. ती मोठ्यानं म्हणाली, "काड भाईर अक्का. लपवलं म्हनूनच ह्ये झालं."

मी बाटली उदयसिंहच्या हातात दिली. त्यानं खालचं बारीक अक्षर तेवढं वाचलं आणि हसला. "यात अल्कोहोल आहे असं लिहिलंयच की. म्हणजे मशीन बरोबरच आहे!"

"मशीनला मी कुटं नावं ठिवते? मशीननं वास सांगितला. बेवडी तुमी म्हनला."

तो जरा गडबडला. "बरं, पण हे औषध कशाचं?"

मौलाली रस्त्याकडे बघायला लागला. ईरप्पा घाईनं म्हणाला, "पोटाचं, सायेब. पोटाचं हाय."

"पोटाचं न्हाय," दानेश्वरी म्हणाली. "पाळीचं हाय. अंगावरनं जातंय माज्या, रातभर. आज उपास, उबं ऱ्हावंना, म्हनून टेंपोआड जाऊन घेतलं. तुमच्यासमोर घ्यायची लाज वाटली. आता न्हाय वाटत."

मी देवाधर्माचं करणारी बाई. पाळीच्या दिवसांत देवघराची पायरी न चढणाऱ्यांतली. पण तिथं उन्हात उभी राहून मला वाटलं, जे शरीर देवानंच असं घडवलं, त्याची गोष्ट ऐकून देव थोडाच विटणार आहे? विटायचं तर माणसं विटतात.

उदयसिंहनं मौलालीला खूण केली. नळी बदलली. दानेश्वरी उठली, कमरेवर हात ठेवून फुंकलं, मशीन गप्प. काचेत शून्य. मौलालीनं ते सगळ्यांना फिरवून दाखवलं आणि तिला म्हणाला, "माफ करो बहन, मैंने देखा वैसा बोला."

"तुजी चूक न्हाय भाऊ."

"झालं मग," उदयसिंह म्हणाला. "फोटो काढून टाकतो ग्रुपवरून. जावा आत."

दानेश्वरी जागची हलली नाही. "ज्यांनी बगितला त्यांच्या डोळ्यातनं कसा काडनार? मला बोलायचंय त्यात. तुमचा फोन द्या."

"मावशी, असलं ग्रुपवर बोलायचं नसतं. पुरुष आहेत सगळे."

"माजा फोटो टाकला तवा पुरुष न्हवते व्हय?"

खातूनबी खाली बसूनच म्हणाली, "बोलने देव की उसकू. नहीं तो हम बी बैठे हैं, माल तुम भर लेव."

उदयसिंहनं गाडीकडे बघितलं, आतल्या ऑफिसकडे बघितलं आणि फोन दिला. कुठलं बटण दाबून धरायचं तेही त्यालाच दाखवावं लागलं. दानेश्वरीनं फोन तोंडासमोर धरला.

"मी दानेश्वरी, शिलाईतली. सकाळी माजा फोटो बगितला सगळ्यांनी. मी दारू प्याले न्हाय. पाळीचं औषध घेतलं हुतं, परत फुंकलं तर शून्य आलं. ज्यानं फोटो पुडं धाडला त्यानं ह्ये बी धाडायचं. आन् प्यालेला मानूस आत येऊ नये असं मी काल म्हनत हुते, आज बी म्हनते."

बटण सोडलं. क्षणभरानं शेजारच्या बायकांच्या कमरेतले, पिशव्यांतले फोन एकामागून एक वाजले. आतून, मागांच्या बाजूनं, कुणीतरी मोठ्यानं लावलेला तिचाच आवाज आमच्यापर्यंत आला.

"आता मशीनवर बसू का?" तिनं फोन परत देत विचारलं. "एक ऱ्हायलंच. उद्यापास्नं कुनाचाच फोटो न्हाय. पिऊन आला तर घरी धाडा. त्याची पोरंबाळं बी तो ग्रुप बगत्यात."

"वर विचारावं लागेल."

"इचारा. मी उद्या फुंकाय येनारच हाय. फोटो निगाला तर आमी सगळ्या हितं."

बायका उठल्या, साडीवरची माती झटकली. ईरप्पा अजून गाडीजवळ उभा होता, कान लाल. दबक्या आवाजात म्हणाला, "येवडं मोट्यानं सांगायची काय गरज हुती?"

ती पदर कमरेला खोचत म्हणाली, "हळू सांगितलं असतं तर तूच म्हनला असतास, पोटाचं हाय."

आणि आत गेली.