साखरपुड्यातून मोटार चालू

मंडळी, आज दौंडला बहिणीचा साखरपुडा झाला. पंगत बसतानाच गावाहून शेजारच्या तात्यांचा फोन आला, शेतावर वीज आली. आमचा कांदा पाण्यावाचून सुकत होता आणि मोटारीच्या खोलीची किल्ली आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, खिशात होती. आबा उठलेच. मुलीचा बाप न जेवता निघाला, तर पाहुण्यांना काय वाटेल?

फोन लावला की मोटार चालू करणारा मोबाईल स्टार्टर मी परवाच बसवला होता, तेच आबांना सांगितलं.

"मोटार काय फोन उचलती व्हय?" आबा म्हणाले.

मी त्यांनाच स्टार्टरचा नंबर लावायला लावला.

थोड्या वेळाने पुन्हा तात्यांचा फोन. "आबा, कुलूप तसंच हाय आन् पाणी पडतंय. मोटार कुणी चालू केली?"

"म्या. हितनं," म्हणत आबा पानावर बसले.

मोबाईलला चैन म्हणणाऱ्यांनो, तुमच्या घरातलं कोण कधी मोटार चालू करायला पंगतीतून उठून गेलंय?