दोन काळ्या रेघांमधलं अंतर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमचं तेलशोधाचं तात्पुरतं ऑफिस नाशिकला एका भाड्याच्या बंगल्यात होतं. देवळ्याकडच्या कांद्याच्या शेतांत आमची माणसं भोकं पाडून छोटे सुरुंग उडवायची, खालून परतणारा आवाज यंत्रं टिपायची, आणि त्याचे लांबलचक कागद माझ्या टेबलावर यायचे. वरच्या काळ्या कातळाखाली, ज्यात तेल तयार होतं तो खडक किती जाड आहे, हे मी सांगायचं. जाड असेल तर विहीर, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

माझ्या सरांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. त्यांनी आजवर सुचवलेली प्रत्येक विहीर कोरडी निघालेली. ‘‘एक तरी लागू दे गं, मग खुशाल पेन्शन खातो,’’ असं ते चहा पिताना म्हणायचे. हसत म्हणायचे, पण मला ते ऐकवत नसे.

कागदावर खडकाची वरची बाजू म्हणजे एक काळी रेघ, खालची म्हणजे दुसरी. मधल्या वेळेला आवाजाच्या वेगानं गुणायचं आणि निम्मं करायचं, कारण आवाज जाऊन परत आलेला असतो. महिनाभर पट्टी घेऊन मोजलं. कुठंही मोजा, जाडी सारखीच, आणि विहिरीला पुरेशी! सरांनी पेढे वाटले, अहवालावर सही केली. मीही हरभऱ्याच्या झाडावर चढले.

त्या रविवारी माहेरी, सायखेड्याला गेले होते. गोदावरीच्या काठावरची दरड पाण्यानं कापली होती आणि मातीचे थर उघडे पडले होते. चार बोटांचा एक थर दहा पावलांवर वीतभर झाला होता, पुढं तर गायबच. इथं दहा पावलं थर सारखा राहत नाही, आणि माझा खडक मैलोन्मैल एकाच मापाचा? दोन फटाके अगदी लागोपाठ फुटले तर कानाला एकच आवाज येतो. तसंच झालं होतं. खडक फार पातळ होता, त्याचे दोन प्रतिध्वनी एकात एक मिसळले होते. मी मोजत होते त्याहून कमी अंतर त्या कागदाला दाखवताच येत नव्हतं; खडक कितीही पातळ असो, रेघा तेवढ्याच लांब दिसणार. हे मला कॉलेजात शिकवलेलं, आणि मी अक्कल गहाण टाकून पट्टी लावत बसले होते.

सोमवारी सरांना सांगितलं. त्यांनी कागद पुढ्यात ओढून दोन्ही रेघांवर पट्टी लावून पाहिली. मग म्हणाले, ‘‘सहा महिन्यांनी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?’’

‘‘सही तुमची आहे त्यावर,’’ मी फटकन बोलले. माझी जीभ अशीच. हळू सांगता आलं असतं, त्याची खंत अजून आहे.

त्यांनी अहवालातला जाडीचा आकडा खोडला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘याहून कमी, किती कमी, ते सांगता येत नाही.’ विहीर नामंजूर झाली. सर निवृत्त झाले.

पाच-सहा वर्षांनी त्यांचा फोन आला. तब्येतीचं, नातवंडांचं बोलून झालं. मग त्यांनी विचारलं, ‘‘देवळ्याला मग कुणी खणलं का गं?’’

‘‘नाही सर. कुणीच नाही.’’

‘‘बरं झालं,’’ ते म्हणाले. ‘‘माझी एक विहीर तरी कोरडी निघाली नाही.’’