न चाखलेली वजडी

त्या हिवाळ्यात मी कॅनडात, ग्वेल्फमधल्या एका फूड फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोल इंजिनिअर होतो. जवळच एका बाईंचं छोटं रेस्टॉरंट होतं. बाई ब्युनोस आयर्सच्या, वर्णाने काळ्या, सत्तरीला टेकलेल्या. गिऱ्हाइकं तोंडावर म्हणायची, "अर्जेंटिनात काळे लोक नसतातच." बाई म्हणायच्या, "मग मी उन्हात जरा जास्त बसले असेन."

त्यांचं पाककृतींचं पुस्तक निघायचं होतं. त्या सगळं अंदाजाने घालत आणि प्रकाशकाला ग्रॅम हवे होते. म्हणून दर शनिवारी मी वजनकाटा घेऊन त्यांच्या ओट्याशी उभा राहायचो. मग त्या मापाने पदार्थ मी घरी करून, चाखून, प्रकाशकाच्या कागदावर 'चाखलं' म्हणून सही करायची. मी गाईचं खात नाही हे त्यांना ठाऊक होतं. ते पदार्थ फॅक्टरीतला माझा एक मित्र करून बघायचा.

शेवटी मोंदोंगो आला. म्हणजे गाईची वजडी, चणे आणि टोमॅटो घालून तासन्‌तास शिजवलेली. बाईंची पणजी लोकांनी टाकून दिलेली वजडी कत्तलखान्याबाहेरून गोळा करून आणायची. "हे पान तिचं," बाई म्हणाल्या.

वजडी उकळायला लागली आणि मला तो वास सोसेना.

"जा इंजिनिअर, नाक बाहेर फिरवून आण," बाई हसल्या.

मी मागच्या दाराशी बर्फात उभा राहिलो. परत आलो तेव्हा मीठ पडून गेलं होतं. किती, ते विचारायची लाज वाटली. मी आकडा मनानेच लिहिला. मित्र म्हणाला, "वजडी? बायको घराबाहेर काढेल." मी तसाच 'चाखलं' म्हणून सही करून मोकळा झालो.

पुस्तक छापून आलं आणि माझी झोप गेली. रेस्टॉरंटचा रस्ता टाळून मी लांबून गाडी घालायला लागलो. कुणी करून बघणारच नाही, असं स्वतःला समजावत होतो. चार महिन्यांनी बाईंनीच बोलावलं. खूप बारीक झाल्या होत्या.

"पुस्तक आलं त्याच आठवड्यात एका बाईचा फोन आला. मोंदोंगो इतका खारट झाला की तिने सगळा ओतून दिला," त्या म्हणाल्या. "हाताचा अंदाज गेला माझा, मीठ माझ्याच हातून जास्त पडलं असणार. आता रेस्टॉरंट मुलीला देऊन टाकते. सह्या करायच्यात, साक्षीदार म्हणून तू थांब."

कागद टेबलावरच होते. गप्प राहिलो असतो तर कुणालाही कधी कळलं नसतं. पण मी सगळं सांगितलं: मागचं दार, मनाने लिहिलेला आकडा, खोटी सही.

बाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "चार महिने मी प्रत्येक भांड्यातलं मीठ तीन-तीनदा चाखतेय. तुला माहीत होतं, चूक तुझी असणार म्हणून?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी कागद गोळा करून ड्रॉवरमध्ये ठेवले आणि मला जायला सांगितलं.