बेचाळीस मुक्या चौकटी

श्रीवर्धनच्या एका शाळेत क्रांतीबाई बारा वर्षांपासून इतिहास शिकवतात. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. संगणक त्या कीबोर्डवरच चालवतात, पडद्यावरचं सगळं स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम मोठ्याने वाचून दाखवतो. उत्तरपत्रिका सहशिक्षिका शिवानीबाई त्यांना वाचून दाखवतात. गुण मात्र क्रांतीबाई देतात आणि स्वतःच संगणकात भरतात.

यंदा शाळेने त्यासाठी नवं वेब ॲप घेतलं. टॅब दाबला की कानात येई, "एडिट, ब्लँक." पुन्हा टॅब. "एडिट, ब्लँक." गुण भरायची चौकट रिकामी आहे एवढंच कळे; ती कुठल्या मुलाची, ते कळेना. यादी नेहमीसारखी हजेरी क्रमांकानेच असणार असं धरून त्यांनी नववीच्या बेचाळीस मुलांचे गुण भरले.

दोन दिवसांनी पूनम रडत आली. "बाई, मला वीसपैकी चारच?"

तिला अठरा होते. ॲपने यादी नावांच्या क्रमाने लावली होती आणि अख्ख्या वर्गाचे गुण इकडचे तिकडे झाले होते.

क्रांतीबाईंनी वर्गाची माफी मागितली. मुख्याध्यापक रावजी सर म्हणाले, "यापुढे संगणकाचे हर्षद सर भरतील तुमचे गुण. तुम्हाला कशाला त्रास?"

"सर, माझ्या विषयाचे गुण मीच भरणार. पानच नीट बनवलेलं नाही."

त्यांनी कंपनीला फोन लावला.

"मॅडम, डावीकडे नाव दिसतंय ना?"

"मला दिसत नाही. चौकटीला नाव जोडा, म्हणजे स्क्रीन रीडर वाचेल."

"बाकी कुणाची तक्रार नाही हो."

तीन ईमेल पाठवून झाले, एकाचंही उत्तर आलं नाही. मग त्यांनी स्क्रीन रीडरचा तो आवाज रेकॉर्ड केला आणि रावजी सरांच्या टेबलावर फोन ठेवून ऐकवला. सातव्या 'ब्लँक'ला सर म्हणाले, "बंद करा, डोकं उठलं." आणि कंपनीला जाणाऱ्या शाळेच्या तक्रारपत्रावर त्यांनी सही केली.

दीड महिन्याने चौकटी नावं सांगू लागल्या. दुसऱ्या चाचणीचे गुण बाईंनी भराभर भरले आणि 'जतन करा'वर एंटर दाबलं. काहीच नाही. स्पेस दाबला. तरीही नाही. ते बटन फक्त माउसने दबत होतं.

शेवटी शिवानीबाईंना हाक मारावी लागली. त्यांनी एक क्लिक केलं. "झालं की! एवढंच तर होतं."

क्रांतीबाईंनी हेडफोन पुन्हा कानाला लावले. मग त्या कंपनीला पुढचं पत्र लिहायला बसल्या.