मास्तर, मशीन आणि मार्जिन

मास्तर शाळेतले नव्हेत. शिंप्याच्या मोठ्या दुकानात जो माणूस कापड बेततो आणि कापतो, त्याला मास्तर म्हणतात; बाकीचे नुसते शिवतात. हे ‘नुसते’ मास्तरांचं, माझं नाही. दुकानातून निवृत्त झाल्यावर दुसऱ्या एखाद्याने पेपर वाचला असता, गुडघ्यांची चौकशी केली असती. मास्तरांनी आपली जाडजूड कात्री घरी आणली आणि बायकोच्या गोधड्यांचं सगळं कापकाम न विचारता ताब्यात घेतलं.

बायकोला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणते. त्यांच्या गोधड्या षटकोनी तुकड्यांच्या असतात. जाड कागदाचा षटकोन कापायचा, त्याहून थोडा मोठा कापडाचा कापायचा, कापडाच्या कडा कागदामागे दुमडून टाचायच्या आणि असे तुकडे एकमेकांना जोडत जायचं. जोडून झालं की कागद काढून टाकायचे. एका गोधडीला शेकडो तुकडे लागतात. ते कापून कापून मास्तरांचा अंगठा ठणकायचा. पण तसं कबूल करतील तर ते मास्तर कसले! मुलगी नोकरीच्या गावाहून चार दिवस राहायला आली, तेव्हा तिने बाबांना पाण्याचा पेला दोन्ही हातांनी उचलताना पाहिलं. ती परत गेली आणि मागोमाग दारात एक खोकं आलं.

खोक्यात कापायचं मशीन होतं, दिसायला प्रिंटरचा धाकटा भाऊ. चिकट पाटीवर कापड किंवा कागद बसवायचा, फोनवर आकार आणि माप निवडायचं, बटण दाबायचं. आत एक बारीक पातं धावतं आणि तुकडे तयार.

“बाबा, आता हाताला आराम द्या हं,” मुलगी फोनवर म्हणाली.

“हं,” मास्तर म्हणाले. मास्तरांच्या ‘हं’मध्ये पुष्कळ काही असतं, फक्त ते बाहेर येत नाही.

त्या दिवशी त्यात काय होतं ते मी सांगतो. मशीन ठेवलं गेलं ते मास्तरांच्या कापायच्या टेबलावर, खिडकीजवळ. अख्ख्या घरात ती एकच जागा होती जिथे त्यांना कुणी “जरा बाजूला व्हा” म्हणत नसे. स्वयंपाकघरात ते आडवे यायचे, बाहेरच्या खोलीत त्यांच्या पायात फरशी पुसणारी अडकायची. उद्या मशीनला सगळं जमलं, तर आपण बसायचं कुठे? दारापुढच्या कुंड्यांमध्ये?

म्हणून त्यांनी मशीनमध्ये खोट काढायला सुरुवात केली. शेजारीणही गोधड्या शिवायची. तिने विचारलं, “मास्तर, घ्यावं का हो मीही एक?”

एरवी तोंडाला कुलूप असणारा हा माणूस त्या दिवशी भलताच मोकळा झाला. “विरलेल्या कापडाचे धागे ओढतं. आधी कडक इस्त्री मागतं. पाटीचा चिकटपणा जातो, पातं बोथट होतं, दोन्ही पुन्हा विकत आणा. आणि आवाज ऐका, दाढ कोरल्यासारखा.”

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. फक्त एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही. बायको आंघोळीला गेली असताना त्यांनी मशीनचे तुकडे पट्टीने मोजून पाहिले होते, आणि सगळे एकसारखे निघाल्यामुळे ते दुपारभर घुश्शात होते.

मग मास्तरीणबाईंनी जपून ठेवलेले मुलीचे लहानपणचे फ्रॉक काढले. यांची गोधडी करून तिलाच पाठवायची, असं त्यांचं कधीचं चाललं होतं. कागद आदल्या दिवशीच मशीनवर कापून झाले होते. आता कापड. त्या गुणगुणत पाटीवर कापड बसवत होत्या. चष्म्याचं निमित्त करून मास्तर खोलीत डोकावले आणि त्यांना एका नजरेत दिसलं: फोनवर माप कागदाचंच राहिलं होतं. कापड कागदाएवढंच कापलं जाणार होतं. दुमडायला मार्जिनच नाही!

“अगं” ओठांवर आलं होतं. पण मास्तरांना मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. होऊ दे फजिती! कळू दे मशीन म्हणजे काय ते! ते मूग गिळून बाहेर गेले आणि कुंड्यांजवळ जाऊन बसले. आतून दाढ कोरल्याचा आवाज येत राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो त्यांना गोड वाटला.

आवाज थांबल्यावर ते विजयी वीरासारखे आत आले. टेबलावर तुकड्यांची चळत होती, आणि सगळ्यात वर पिवळा फ्रॉक. बदकांचा. मुलीसाठी त्यांनी स्वतः कापलेला पहिला फ्रॉक. मास्तरांनी वरचा तुकडा उचलून कड बोटाने चाचपली.

“मार्जिन नाही,” ते पुटपुटले.

मास्तरीणबाईंनी एक तुकडा कागदावर ठेवून पाहिला. कडेला कड बरोबर भिडली. त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी मान वर केली.

“हे तुम्हाला आत्ता दिसलं, की मघाशी?”

थाप मारता आली असती. पण तेवढं कसब मास्तरांकडे नाही. “मघाशी. चष्मा न्यायला आलो तेव्हा.”

“मशीन बोलत नाही हे मला कळतं, त्याला तोंड नाही. तुम्हाला काय झालं होतं?”

मास्तरांनी कात्री हातात घेतली, परत ठेवली. मग एकदाचं म्हणून टाकलं, “मला वाटलं, याला जमलं की तू मला या खोलीतून उठवशील.”

“अहो, कात्रीसाठी बसवत होते का मी तुम्हाला इथे?” बाईंचा आवाज चढला. “दुकान होतं तेव्हा रात्री यायचात, जेवायचात, झोपायचात. निवृत्त झालात, म्हटलं आता दुपारच्या गप्पा होतील. तर तुम्ही कात्री घेऊन बसलात! कापताना शब्द नाही तुमच्या तोंडून. मशीन आलं तेव्हा मला आनंद झाला तो याचाच. आता तरी हा माणूस बोलेल!”

मास्तरांनी कापडाखालचा कागद उचलला. “कापड मोठं करता येत नाही. कागद लहान करता येतो.”

फोनवर माप त्यांनी स्वतः बदललं. नवे, लहान कागद भराभर पडू लागले. ते हाताने कापायचे म्हणजे महिना गेला असता आणि अंगठाही. “चांगलं आहे हे,” मास्तर म्हणाले, आणि ते मनापासून होतं.

गोधडी मात्र आता तोकडी होणार होती. म्हणून बाईंनी कपाट उघडून निळा चौकड्यांचा शर्ट काढला. कडेने लावायला.

“अगं, तो मी घालतो!”

“घालत होतात.” शर्ट उसवला गेला, त्याला कडक इस्त्री झाली, आणि तो पाटीवर बसलाही. माप या खेपेला दोघांनी मिळून तपासलं. बाईंनी खुर्ची ओढून मशीनच्या शेजारी ठेवली, मास्तर बसले, पातं धावू लागलं. सवयीने मास्तर गप्प. बाई नुसत्या त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

मास्तरांनी घसा खाकरला. “तुला एक सांगायचं राहून गेलं. तो बदकांचा फ्रॉक होता ना, तो खरं म्हणजे पडदा होता. एका गिऱ्हाइकाचा. दुकानात त्यावरून असा गोंधळ झाला होता...”

“थांबा, थांबा,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी मशीन बंद केलं. “याच्या आवाजात ऐकू येत नाही. हं, आता सांगा.”