सायरन वाजला की आत

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग नियंत्रण रेषेवर होती. पोस्टवर आम्ही बारा जण. मी नायब सुभेदार, पोस्ट कमांडर. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे सगळे शस्त्रं घेऊन मोर्च्यावर, सहाला चहा, मग शस्त्रसफाई, पाणी भरणं, गस्त, आणि अंधार पडताना पुन्हा स्टँड-टू. दिवसातून एकदा, कोणत्याही वेळी, सायरन ड्रिल. सायरन हाताने फिरवायचा होता. तो वाजला की चाळीस सेकंदांत सगळे बंकरमध्ये. दोन वर्षं मी हेच घोकून घेतलं.

लान्स नायक जगदीश घिवलीचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. मी सफाळ्याच्या आतल्या गावचा, भातशेतीवाला. एका जिल्ह्याचे म्हणून तो माझ्याशी गावच्या बोलीत बोलायचा. काम चोख. ड्रिलमध्ये मात्र कायम शेवटचा. बंकरच्या तोंडाशी उभा राहून बाहेर बघत राहायचा. मी त्याला तीनदा शिक्षा म्हणून पाठीवर जड पिठ्ठू देऊन पळवलं. काही फरक पडला नाही.

"जगदीश, सायरन वाजला की काय करायचं?"

"आत जायाचं, साहेब."

"मग?"

"जातो ना. सगले आले का तेवडं बघतो."

मोबाईलला रेंज फक्त एका दगडापाशी मिळायची. पोरं तिथून बातम्या घेऊन यायची. कुठे एका देशाने दुसऱ्यावर क्षेपणास्त्रं सोडली, कुठे समुद्रात जहाज पेटवलं, कोणी अणुबॉम्बची धमकी दिली. मग चहाबरोबर तिसरं महायुद्ध. जगदीश म्हणायचा, "झालं तर पयलं आमच्याकडं पडंल. अणुवीज केंद्र गावाला लागून हाय. मी हितं बरा हाय, साहेब. आईचं काय खरं नाय." सगळे हसायचे. मीही हसायचो.

त्या दिवशी दुपारी पंधरा बावन्नला पहिला गोळा पोस्टच्या खालच्या उतारावर पडला. सायरन वाजला. अकरा जण आत आलो. शिपाई दत्ता पाण्याच्या टाकीपाशी होता. दुसरा गोळा तिथेच पडला. दत्ता ओरडत होता, म्हणजे जिवंत होता. मी रेडिओ घेतला.

"एक कॅज्युअल्टी, बाहेर. फायर चालू. ओव्हर."

"कोणी बाहेर जायचं नाही. फायर थांबेपर्यंत थांबा. ओव्हर."

"रॉजर. आउट."

मी आदेश मोठ्याने सांगितला. वळून पाहिलं तेव्हा जगदीश जागेवर नव्हता. त्याने दत्ताला खांद्यावर टाकून बंकरच्या तोंडापर्यंत आणलं. आम्ही दत्ताला आत ओढलं. तेवढ्यात तिसरा गोळा पडला. पंधरा सत्तावन्न. जगदीशच्या पाठीत गोळ्याचे स्प्लिंटर शिरले. हेलिकॉप्टर येण्याआधी तो गेला. दत्ताचा एक पाय कापावा लागला. तो जगला.

चौकशीसाठी दिलेल्या निवेदनात मी लिहिलं, "आदेश असूनही बंकरबाहेर गेला." वाक्य खरं होतं. मला जगदीशचा राग आला होता, आणि तो राग पुढे बरीच वर्षं टिकला. रडू आलं नाही. दुसरं काहीच आलं नाही.

मृतदेहाबरोबर मी घिवलीला आलो. त्याची आई, हिराकाकी, ओट्यावर बसली होती. तिने विचारलं, "कसा गेला?"

"बंकरमध्ये होता, काकी. गोळा वर पडला. त्रास झाला नाही."

"आतच होता?"

"आतच."

तिला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोललो. ती उठून घरात गेली.

तीन वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो. टीव्हीवर रोज तिसरं महायुद्ध सुरू होतं आणि जाहिरातींपुरतं थांबतं. मी बघत नाही. पण यंदा तहसील कार्यालयातून फोन आला. किनाऱ्यावरच्या गावांत मॉक ड्रिल आहे, माजी सैनिक हवेत, तुम्ही घिवली घ्या. मी हो म्हणालो.

आदल्या दिवशी शाळेत सभा घेतली. होडी चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या तांडेलाने विचारलं, "साहेब, म्हायुद्ध होनार काय?"

"मला माहीत नाही. सायरन वाजला की आत जायचं. दारं-खिडक्या बंद. कोणी बाहेर यायचं नाही. एवढं माहीत आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

सकाळी अकराला पंचायतीच्या गच्चीवरून सायरन वाजला. मी घड्याळ धरलं. दोन मिनिटांत गल्ल्या रिकाम्या. बरोबरच्या तलाठ्याला म्हणालो, "शाबास. लिहा, दोन मिनिटं." मग तपासायला पहिल्या घरात डोकावलो. आत कोणी नाही, चुलीवर भात उकळतोय. दुसरं घर तसंच. तिसरंही. किनाऱ्याकडे गेलो, तर अख्खी वस्ती तिथे जमली होती. बायका डोळ्यांवर हात धरून समुद्रावरच्या होड्या मोजत होत्या.

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "काल काय सांगितलं होतं? खरा हल्ला असता तर सगळे मेले असते!"

गर्दीतून हिराकाकी पुढे आली. "ठावं होता, साहेब. खोटा भोंगा हाय, ठावं होता. पन पाय थांबतात काय? बोंब झाली का आमी दर्यावर येतो. सगल्या होड्या दिसल्याबिगर कोन घरात जात नाय. घरात बसनारा आमच्यात मानूस नाय."

 जगदीश बंकरच्या तोंडाशी उभा राहून काय करायचा, ते आत्ता कळलं. त्यासाठी मी त्याला पळवलं होतं. मला लाज वाटली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा रागाशिवाय काहीतरी वाटलं.

"काकी, मी खोटं बोललो. जगदीश आत नव्हता. बाहेर आमचा एक जण पडला होता. मी नको म्हणालो, तरी हा गेला. त्याला घेऊन आला, आणि मग..."

तिने विचारलं, "तो वाचला काय?"

"वाचला. दोन मुली आहेत त्याला."

"मंग सांगितला का नाय?" तिचा आवाज फुटला. "इतकी वर्सं मी मान खाली घालून फिरते. माजा पोर घरात दडून मेला म्हनून."

 तिने पदराने तोंड पुसलं आणि बायकांना जवळ बोलावलं. मला म्हणाली, "आता ह्यांना सांग. मोठ्यानं सांग."

मी सावधान उभा राहिलो आणि निवेदनात लिहायला हवं होतं ते सांगितलं. लान्स नायक जगदीश, गाव घिवली, वय सव्वीस. पंधरा बावन्नला सायरन झाला. अकरा जण आत होते, एक बाहेर होता. जगदीशने मोजलं आणि तो बाहेर गेला.