मिशी येईपर्यंत

भांडुपच्या सुविधा केंद्रात दर नोव्हेंबरमध्ये आम्ही पेन्शनर मंडळी जिवंत असल्याचं सिद्ध करायला जातो. मोबाईलसमोर बसून डोळे मिचकावले की सरकारची खात्री पटते. यंदा माझ्यापुढे एक मालवणी म्हातारा होता. नुकतंच मुंडण केलेलं, मिशीही उतरवलेली. बायको गेली होती आणि मूलबाळ नसल्यामुळे क्रियाकर्म त्यानेच केलं होतं. हे सांगताना त्याचं बोट सारखं ओठावर जायचं, नसलेल्या मिशीला पीळ द्यायला.

त्याने पुन्हा पुन्हा डोळे मिचकावून पाहिले.

"चेहरा जुळत नाही, काका," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "आधारवर मिशी आहे ना. वाढली की या."

"आणि पेन्शन?"

"ती तोवर थांबणार."

म्हातारा शांतपणे म्हणाला, "बायल मेली ता एका दिवसात मानल्यात, रेशनकार्डावरसून नाव काढल्यात. माका जितो मानूक मिशी व्हयी, बाय?"

"मी काय करू, काका? मशीन घेत नाही."

भिंतीवर 'नागरिक हाच राजा' अशी पाटी होती. राजा उठून बाजूला झाला. मला मशीनने पहिल्याच फटक्यात जिवंत ठरवलं.

डिसेंबरअखेर तो केंद्राच्या पायरीवर बसलेला दिसला. मिशी छान वाढली होती, पांढरीशुभ्र.

"झालं काम?" मी विचारलं.

"खंयचा! फोटोत काळी आसा." त्याचं बोट मिशीवर गेलं आणि तिथेच राहिलं. "कलप ती लावी."